आधी कडक, मग मऊ : टर्कीच्या तंगडीची गोष्ट

"ताई, तीन तास झाले गं. काटा टोचला तर आतच जात नाहीये. वाया गेलं का सगळं?"

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मावसबहिणीचा हा फोन आला. ती न्यू जर्सीत नवीन, मी मिनेसोटात जुनी. तिनं दुकानातून टर्कीच्या दोन तंगड्या आणल्या होत्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून त्यांना चोपडलं होतं आणि स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उबेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ठेवून दिल्या होत्या. मी तिला एवढंच म्हटलं, झाकण लाव आणि चार तास तिकडे फिरकू नकोस. संध्याकाळी फोटो आला. ताटात एक स्वच्छ हाड आणि शेजारी रश्शात कालवलेला भात.

त्या चार तासांत भांड्यात काय घडलं, ते फोनवर घाईघाईत सांगता आलं नाही. पण ते सांगायलाच हवं, कारण आपल्या रोजच्या स्वयंपाकाच्या अनुभवाशी ते जुळत नाही. डाळ, तांदूळ, बटाटा शिजतात तसे मऊ होत जातात. आपण मधेच दाणा चेपून बघतो आणि अजून किती वेळ लागेल ते ओळखतो. तंगडीचं तसं नाही. ती आधी चांगलीच कडक होते आणि मग मऊ. मधल्या टप्प्यावर ज्यानं झाकण उघडलं, त्याला सगळं बिघडल्यासारखंच वाटणार.

टर्की हा मुळात चालणारा पक्षी. रानटी टर्की जिवावर बेतलं की भुर्रकन उडते, रात्री झाडावर जाऊन बसते, पण दिवसभराची भटकंती सगळी पायांवर. पाळीव टर्कीला तर तेवढंही उडता येत नाही. पूर्ण वाढलेला नर सहज १५ किलोच्या पुढे जातो आणि तो सगळा भार दोन पायांवर असतो. असा सतत राबणारा स्नायू ऑक्सिजनवर चालतो, आणि तो साठवण्यासाठी त्यात मायोग्लोबिन नावाचं लोहयुक्त प्रथिन भरपूर असतं. तंगडीचं मांस गडद दिसतं ते त्याच्यामुळे. छातीचा स्नायू पंख फडफडवण्यासाठी, म्हणजे क्षणभराच्या जोरासाठी असतो, म्हणून तो फिकट. राबणाऱ्या स्नायूत चरबीही जास्त आणि बांधणीही पक्की. शेतात गवताच्या पेंढ्या बांधतात आणि पेंढ्यांचा मिळून भारा बांधतात, तशी स्नायूची रचना असते. बारीक तंतूंची जुडी, तिच्याभोवती आवरण, अशा जुड्यांचा गठ्ठा, त्याच्याभोवती आणखी एक आवरण. ही बांधणी मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची.

कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. प्रत्येक पेड अमिनो आम्लांच्या मण्यांचा असतो आणि त्यातला दर तिसरा मणी ग्लायसिनचा. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. ते लहान आहे म्हणूनच तीन पेड एकमेकांना इतके चिकटून वळता येतात. आपल्या त्वचेत, हाडांत, सांध्यांत हीच वेणी आहे. ती ओढली तर सहजासहजी तुटत नाही आणि दातांनाही दाद देत नाही.

आता भांड्यात डोकावू. (तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये.) फ्रिजमधून काढलेली तंगडी ५ अंशांच्या आसपास असते. ५० च्या आगेमागे स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन आपली घडी सोडतं आणि त्याचे धागे एकमेकांत अडकतात. लालसर, काचेसारखं दिसणारं मांस पांढुरकं होतं, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर होतो तसं. ६० च्या पुढे कोलॅजेनची आवरणं आखडायला लागतात. ओला पंचा पिळावा तशी ती तंतूंना आवळतात आणि मांसातलं पाणी बाहेर पडतं. ६६ ते ७३ च्या दरम्यान अ‍ॅक्टिन हे दुसरं मोठं प्रथिन घडी मोडतं आणि तंतू आणखी आक्रसतात. म्हणजे ७० च्या जवळपास तंगडीची अवस्था अशी: पाणी गेलंय, तंतू आवळले गेलेत आणि वेणी अजून शाबूत आहे. मावसबहिणीचा काटा अडकला तो इथे.

खरं काम यानंतर सुरू होतं. ७० च्या वर वेणीचे पेड सुटू लागतात. सुटलेला प्रत्येक पेड पाणी धरून ठेवतो, आणि त्यालाच आपण जिलेटिन म्हणतो. पण हे काम सावकाशीचं. ७० अंशांवर त्याला दिवसभर लागेल, ९० च्या वर काही तास पुरतात.

माझ्या मते एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे, की मांसात दोन घड्याळं चालू असतात. तंतूंचं घड्याळ तापमानाकडे बघतं. ठरावीक अंश गाठले की पाच-दहा मिनिटांत ते आपलं काम उरकतं. कोलॅजेनच्या घड्याळाला तापमानही हवं आणि वेळही. छातीच्या मांसात कोलॅजेन थोडं, तिथे दुसऱ्या घड्याळाची वाट बघण्यात अर्थ नाही. ७४ अंश गाठले की भांडं उतरवावं, नाहीतर भुसा चावल्यासारखं लागतं. स्लो कुकरमध्ये टर्कीची छाती सात तास ठेवणाऱ्यांनी माझं ऐकावं आणि ते थांबवावं. आपल्याकडची मासळी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. माशाच्या अंगात कोलॅजेन कमी आणि तेही कमी तापमानाला सुटणारं, म्हणून बांगड्याच्या कालवणाला दहा मिनिटं पुरतात आणि पंधरा जास्त होतात.

एक गैरसमज इथेच दूर करते. पिळून गेलेलं पाणी तंतूंत परत शिरत नाही. सात तासांनंतरची तंगडी मोजून पाहिली तर तिच्यात पाणी कमीच भरेल. तरी ती रसाळ लागते, कारण तंतूंच्या मधे आवळून धरणारी आवरणं होती तिथे आता जिलेटिन आणि वितळलेली चरबी असते. आवरण गेलं की तंतू नुसत्या बोटानं सुटे होतात. "हाडावरून सुटतंय का बघ," असं आई मटणाबद्दल म्हणते, ती हीच परीक्षा.

आई मला हेही विचारते, की शिट्ट्या किती करायच्या? प्रश्न अगदी रास्त आहे. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथे कोलॅजेनचं घड्याळ धावतंच. १६७९ मध्ये लंडनमध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं वाफ कोंडणारं भांडं बनवलं, ते हाडं मऊ करून दाखवण्यासाठीच. आपला कुकर त्याच भांड्याच्या वंशातला. तंगडी त्यात तासाभरात होते. पण एक तर एवढी लांब तंगडी घरच्या तीन लिटरच्या कुकरात मावत नाही, आणि दुसरं म्हणजे १२० अंशांवर तंतूही जास्त पिळले जातात आणि दहा मिनिटांच्या चुकीनं मांसाचा चोथा होतो. स्लो कुकरमध्ये अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी चालतं. सकाळी लावून कामावर जाणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे.

हे भांडं निघालं तेही अशाच एका घरगुती आठवणीतून. अमेरिकन संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांच्या आईनं त्यांना लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरातली एक रीत सांगितली होती. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवड्याचे दाणे आणि बटाटे भरलेलं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आणायचं. त्या पदार्थाचं नाव चोलंट. नॅक्सन यांनी भट्टीची ती मंद ऊब विजेवर आणली आणि १९४० मध्ये त्यांना पेटंट मिळालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावानं बाजारात आलं. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. जाळाची उरलेली धग त्याच्यावर मिळायची आणि दूध तिथे तासन्‌तास तापत राहायचं. कल्पना तीच.

आतली रचना अगदी साधी आहे. चिनी मातीचं जाड भांडं आणि त्याच्या बाजूंनी गुंडाळलेली तापणारी तार. माझ्या कुकरच्या तळाशी २४० वॅट लिहिलंय, म्हणजे जुने ६० वॅटचे चार पिवळे दिवे. 'लो' आणि 'हाय' या दोन खुणांबद्दल बहुतेकांची समजूत अशी, की लो म्हणजे कमी तापमान. तसं नसतं. बहुतेक कुकरांत दोन्हींचं शेवटचं तापमान जवळपास सारखंच, उकळीच्या जरा खाली. फरक तिथवर पोचायला किती वेळ लागतो याचा. म्हणूनच मधे मधे झाकण उघडू नये. कोंडलेली वाफ एकदा निघून गेली की चार दिव्यांच्या जोरावर ती पुन्हा जमायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

पाणी कमी घाला. झाकणाखालून वाफ फारशी जात नाही, तंगडीचं स्वतःचं पाणीही सुटतं. दोन तंगड्यांना अर्धी वाटी खूप झालं. आणि तंगडी आधी कढईत सगळीकडून लालसर परतून घ्या. खमंग रंग आणि वास देणारी मेलार्ड अभिक्रिया (१९१२ मध्ये तिचं वर्णन करणारे लुई-कामिय मेलार्ड हे फ्रेंच वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ) चांगली चालायला साधारण १४० अंश आणि कोरडा पृष्ठभाग लागतो. स्लो कुकरमध्ये दोन्ही नाहीत. वाटण परतायचं तेही आधीच, ओलं वाटण सात तासांनंतरही कच्चंच लागतं.

टर्की आपल्या स्वयंपाकात नाही, तरी ती आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी येऊन गेली आहे. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या हुकमावरून मुकर्रबखान या त्याच्या सरदारानं गोव्याहून काही अनोखे प्राणी-पक्षी नेले, त्यांत टर्की होती. तिच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, असं बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. उस्ताद मन्सूरनं काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेक्सिकोचा हा पक्षी पोर्तुगिजांसोबत गोव्याला पोचला होता. पोर्तुगीज भाषेत त्याला 'पेरू' म्हणतात, तुर्की भाषेत 'हिंदी', आणि इंग्रजीत टर्की. ज्याला त्याला तो दुसऱ्याच देशाचा वाटत आला.

तंगडी खाताना एक गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांना दचकवते. मांस विरघळल्यासारखं सुटतं आणि त्यातून लांब, टोकदार, प्लॅस्टिकच्या काड्यांसारख्या वस्तू निघतात. परवा मी एका तंगडीतून नऊ काढल्या आणि धुऊन उजेडात धरल्या. पिवळट, गुळगुळीत, वाकवली तर कट्‌कन मोडणारी. ही हाडं नव्हेत, त्या कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. टर्कीच्या पायातल्या कंडरांमध्ये काही महिन्यांच्या वयातच कॅल्शियम आणि फॉस्फेटचं तेच खनिज जमतं जे हाडात असतं. वेणी आत तशीच असते, पण खनिजात गाडलेली, म्हणून सात तासांत तिला काही होत नाही. हाड मुळात घडतं कसं, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी टर्कीच्या या कंडरांचा बारकाईनं अभ्यास केलाय. आणि अशा हाडासारख्या झालेल्या कंडरा एडमॉन्टोसॉरससारख्या डायनासोरांच्या जीवाश्मांतही सापडतात, त्यांच्या पाठीच्या कण्याच्या बाजूनं. लहान मुलांना मात्र तंगडी सोलून, सगळ्या काड्या काढूनच द्या.

आता सुरक्षेचं. ४ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि मंद भांडं या पट्ट्यातून मंदपणेच जातं. म्हणून गोठलेली तंगडी थेट घालू नये, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सैल होऊ द्यावी. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये जावं, आणि दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूची बीजं उकळी सोसून जगतात आणि भांडं सावकाश निवत असताना वाढायला लागतात. अमेरिकेत या विषबाधेच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरात वारंवार दिसतात, सणाच्या मांसाच्या मोठ्या भांड्यांमुळे.

आणि इथल्या आपल्या घरांसाठी एक कळकळीची सूचना. त्याच भांड्यात भिजवलेला कच्चा राजमा कधीही टाकू नका. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं तर दाणे कच्च्यापेक्षाही जास्त विषारी होऊ शकतात. राजमा भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात अर्धा तास उकळा, मग कुठेही घाला.

तंगडीचा सगळ्यांत चांगला भाग मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. रात्री गाळून ठेवलेल्या रश्शावर तुपासारखा चरबीचा थर गोठलेला असतो. तो चमच्यानं बाजूला केला की खाली रस्सा नसतोच, तांबूस, थरथरणारी वडी असते. डबा उलटा धरला तरी पडत नाही. आत्याच्या घरचा पायाचा रस्सा थंडीत असाच थिजायचा. सुटलेले पेड थंडीत पुन्हा जागोजागी एकमेकांना धरतात आणि पाण्याला आपल्या जाळ्यात अडकवतात. ही जाळी ३५ अंशांच्या आसपास सुटते, आपल्या अंगाच्या उबेच्या जरा खाली. त्या वडीचा चमचाभर तुकडा जिभेवर ठेवला, की दोन-तीन श्वासांत त्याचा रस्सा होतो, आणि ओठ एकमेकांना किंचित चिकटतात.