डिग्री हातात नसतानाही अर्ज करता येतो

"डिग्रीचं सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कुठेच अर्ज करता येत नाही," असा मेसेज नाशिकच्या मुलांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. पदवीधर ट्रेनींची भरती अनेक कंपन्या शेवटचं वर्ष चालू असतानाच करतात; निवड आधी, रुजू होणं निकालानंतर. गेट परीक्षेला (एम.टेक. प्रवेश आणि काही सरकारी कंपन्यांतल्या भरतीसाठीची इंजिनिअरिंगची परीक्षा) तर तिसऱ्या वर्षापासूनच बसता येतं. गैरसमजाचं मूळ बहुधा सरकारी जाहिरातींत असावं. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंत पदवी पूर्ण झालेली लागते.

म्हणून फॉरवर्डवर न थांबता मूळ जाहिरात उघडा. 'शैक्षणिक पात्रता' पूर्ण वाचा: अंतिम वर्षाचे विद्यार्थी चालतात का, पात्रतेची तारीख कोणती, बॅकलॉग (राहिलेले विषय) चालतो का? संदिग्ध वाटलं तर, कंपनी नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतली असो की बाहेरची, एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.