नाशिकहून परदेशी पार्सल: कागदपत्रे कोणती आणि ती कशी भरावीत

दिवाळी जवळ आली की नाशिकच्या टपाल कार्यालयांत फराळाचे डबे घेऊन आई-वडिलांची रांग लागते. पार्सल अडकते ते बहुतेक वेळा वजनामुळे नाही, तर कस्टम्सच्या फॉर्ममधल्या एका ओळीमुळे: ‘गिफ्ट आयटम्स’.

घरच्या माणसांना भेट पाठवायला कोणताही परवाना लागत नाही. पाठवणाऱ्याच्या आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टची प्रत (मूळ कागदही जवळ असू द्या), घेणाऱ्याचा पिनकोडसह पूर्ण पत्ता आणि त्याचा तिकडचा मोबाइल नंबर, एवढे पुरते. औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि खरेदीचे बिल जोडा. पेटी घरी पक्की चिकटवू नका, काउंटरवर उघडून पाहू शकतात. अत्तर आणि पॉवर बँक बाहेरच ठेवा.

आता फॉर्म. दोन किलोपर्यंतच्या लहान पाकिटातला माल ३०० एसडीआरपर्यंतचा (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) असेल तर सीएन २२, त्याहून महाग माल किंवा पार्सल असेल तर सीएन २३. यात प्रत्येक वस्तू इंग्रजीत वेगळी लिहायची: नाव, नग, वजन, किंमत. ‘फूड’ नको, पोह्यांचा चिवडा इतके ग्रॅम, बेदाणे इतके ग्रॅम, असे लिहा. हीच माहिती विमानाआधी संगणकावरून त्या देशाच्या कस्टम्सकडे जाते, आणि युरोपात तर मोघम वर्णन चालतच नाही. एचएस कोडही (मालाच्या प्रकाराचा जगभर चालणारा कस्टम्स क्रमांक) विचारतात. बेदाण्यांचा ०८०६२०, नमकीनचा साधारण २१०६९०. येवल्याची पैठणी असेल तर खरी किंमतच लिहा. कर वाचवायला पाचशे रुपये लिहिणारे अनेक जण भेटतात, पण पार्सल हरवले तर भरपाईही त्याच आकड्याच्या आत मिळते, आणि तिकडे खोटी किंमत पकडली गेली तर त्रास घेणाऱ्याला होतो.

देशांचे नियम वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या आणि युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतच्या खासगी भेटीला सूट आहे, पण दूध आणि दुग्धजन्य पदार्थ तिकडे पाठवू नका. म्हणजे पेढे राहू द्या. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे तिकडचा कर बुकिंगआधी काउंटरवर विचारून घ्या. घरी केलेला फराळ भेट म्हणून अमेरिकेला पाठवताना तिथल्या अन्न प्रशासनाला पूर्वसूचना लागत नाही; दुकानातून आणलेल्या चिवड्याला मात्र ती ऑनलाइन, विनाशुल्क द्यावी लागते. म्हणून घरचे आणि विकतचे एकाच पेटीत भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माल विकायला पाठवत असाल तर गोष्ट वेगळी. पॅनवर आधारित आयात-निर्यात कोड (आयईसी) डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचे विदेश व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत केला नाही तर निष्क्रिय होतो; घरगुती व्यवसाय करणाऱ्या ताईंनी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. शिवाय बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा क्रमांक), इन्व्हॉइस आणि टपाल निर्यात बिल लागते. हे बिल डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येते.

बुकिंग झाल्यावर पावती आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो घेणाऱ्याला पाठवा. तिकडच्या कस्टम्सने फोन केला, तर पेटीत काय आहे हे त्यालाच सांगावे लागते.