दीडशे रुपयांचा माशाचा डोळा

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पणजीच्या मिरामार किनाऱ्याचा व्हिडिओ आला, समुद्राचं क्षितिज धनुष्यासारखं वाकलेलं आणि खाली लिहिलेलं, 'पृथ्वी गोल असल्याचा डोळ्यांदेखत पुरावा'. पृथ्वी गोल आहेच हो, पण वाळूत उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर, तिथून कसली गोलाई दिसते! तो बाक लेन्सचा, फिशआय म्हणजे 'माशाचा डोळा' म्हणतात तसल्या. त्याच कॅमेऱ्याचं तोंड जरा वर करा, क्षितिज वाटीसारखं उलटं वाकेल, मग काय पृथ्वी वाटी झाली?

ही गंमत मला भारी आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. साधी लेन्स सरळ रेषा सरळच ठेवते, पण त्याची किंमत मोजावी लागते. मधोमधपासून जितक्या कोनावर वस्तू, त्या कोनाच्या टॅनच्या प्रमाणात ती फोटोत बाजूला सरकते. शाळेतला टॅन आठवा, 45 अंशांना 1, 60 ला 1.73, 80 ला एकदम 5.67 आणि 90 ला अनंत! म्हणजे 180 अंशांचं दृश्य असं सरळ घ्यायचं तर फोटो टिपणारा सेन्सरच अनंत मोठा लागेल. फिशआय लेन्स हा हट्टच सोडते, साधारण जितका कोन तितकंच अंतर, 90 अंश म्हणजे 45 च्या फक्त दुप्पट. सगळं मावतं, पण मध्यातून न जाणाऱ्या रेषा वाकतात.

फिशआय हे नाव दिलं अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी, 1906 साली, त्यांनी चक्क पाणी भरलेला पिनहोल कॅमेरा वापरला होता. कारण हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश आत वळतो, अगदी क्षितिजावरून आलेला किरणसुद्धा उभ्या रेषेपासून 48.6 अंशांवर येऊन थांबतो. मंगेशीच्या तळीतल्या माशाला वरचं सगळं आकाश, काठावरची झाडं, माणसं, सगळं साधारण 97 अंशांच्या गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. नाव डोळ्याचं, काम पाण्याचं.

आता स्वस्तातला जुगाड. दाराला लावतात ते मॅजिक आय, म्हापशात हार्डवेअरच्या दुकानात मला दीडशेला मिळालं. पुढे जोरदार अंतर्वक्र भिंगं, मागे बहिर्वक्र, म्हणजे उलटी धरलेली छोटी दुर्बीणच. मोबाईलच्या लेन्सचं तोंड बारीक असल्यामुळे ते नेमकं बसतं, मोठ्या कॅमेऱ्याला नाही जमत. कडेने उजेड शिरू नये म्हणून काळी इन्सुलेशन टेप लावा, थोडं झूम करा, आणि फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारत असेल तर ते सेटिंग बंद करा. पणजीतल्या फोंताइन्याशच्या अरुंद गल्लीत समोरचं घर कौलांपासून पायरीपर्यंत आलं! कडेला जांभळी-हिरवी किनार येते, निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो त्यामुळे, दीडशेत ती चालवून घ्यायची.

गोल फोटो नको असेल तर पॅनोरमा आहेच, फक्त हात लांब करून फिरू नका, फोन जागच्या जागी लेन्सभोवती फिरवा, नाहीतर जवळचा खांब मधेच तुटतो. आणि अगदीच फुकटात हवं असेल तर स्टीलच्या डावाची पाठ घासून लख्ख करा आणि तिच्यात दिसणाऱ्या अंगणाचा फोटो काढा, मात्र बरोब्बर मधोमध मोठं नाक घेऊन तुम्हीच उभे असाल, त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही.