कोर्टात शिक्षा झाली, पेन्शनचं काय? कोल्हापूरच्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी नियम, कागद आणि दाद मागायची ठिकाणं

लाचेच्या किंवा अपहाराच्या खटल्यात शिक्षा झाली की दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन आपोआप बंद होते, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. कोषागार स्वतःहून पेन्शन थांबवत नाही. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि तो महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या कुठल्या तरी नियमाखाली काढावा लागतो. नियम कोणता लागणार, हे शिक्षा नोकरीत असताना झाली की निवृत्तीनंतर, यावर ठरतं. म्हणून आधी तारखा एका कागदावर मांडा: घटना कधीची, दोषारोपपत्र कोर्टात कधी गेलं, निवृत्ती कधी, निकाल कधी. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

नोकरीत असताना शिक्षा

इथे पेन्शनचा नियम नंतर येतो, आधी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागतात. फौजदारी शिक्षा झाली असेल तर त्यातल्या नियम १३ खाली, नेहमीची लांबलचक विभागीय चौकशी न करता कारवाई करता येते. अपील दाखल केलंय म्हणून खात्याने थांबलंच पाहिजे, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आदेशात कोणता शब्द आहे, ते नीट वाचा. ‘बडतर्फ’ किंवा ‘सेवेतून काढून टाकणे’ असेल तर पेन्शन नियमांतल्या (इथून पुढचे सगळे क्रमांक त्यातलेच) नियम ४५ प्रमाणे मागची सगळी सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. काढून टाकलेल्याला विशेष बाब म्हणून नियम १०१ खाली अनुकंपा निवृत्तिवेतन मागता येतं, तेही जास्तीत जास्त दोन तृतीयांश. तो हक्क नव्हे, शासनाची मर्जी. ‘सक्तीची सेवानिवृत्ती’ असेल तर नियम १०० लागतो आणि पेन्शन दोन तृतीयांश ते पूर्ण यांच्या दरम्यान ठरते. भ्रष्टाचाराच्या शिक्षेत सक्तीच्या निवृत्तीवर सुटणारे थोडेच, पण विनंती करायचीच असेल तर ती आदेश निघण्याआधी करावी.

केस चालू असतानाच निवृत्ती

ट्रॅप झाला (लाच घेताना सापळ्यात पकडलं गेलं), निलंबन झालं, पुढे कामावर घेतलं, आणि खटला अजून साक्षीपुराव्यावरच आहे तोवर निवृत्तीची तारीख आली, ही सर्वांत जास्त दिसणारी अवस्था. नियम १३० इथे लागतो. तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं आणि ते पूर्ण पेन्शनइतकं असू शकतं. ग्रॅच्युइटी मात्र अंतिम आदेश होईपर्यंत अडते आणि पेन्शन विक्रीही (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेणं) करता येत नाही. रजा रोखीकरणाची रक्कमसुद्धा, वसुली निघण्याची शक्यता असेल तर, रोखून ठेवता येते.

यासाठी कार्यालयप्रमुखाकडे लेखी अर्ज द्या. सोबत निवृत्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, नादेय प्रमाणपत्र (काही देणं बाकी नसल्याचा दाखला), खटल्याचा क्रमांक आणि सद्यस्थिती, बँक पासबुकाची प्रत आणि संयुक्त फोटो जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. आवक लिपिक ‘ठेवून जा’ म्हणतो, पण तसं ठेवून येऊ नका. तात्पुरतं निवृत्तिवेतन ठरावीक मुदतीपुरतं मंजूर झालं असेल आणि मुदतवाढीचा आदेश वेळेत निघाला नाही की पेन्शन खंडित होते आणि मग कार्यालय, कोषागार आणि मुंबईचं महालेखापाल कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात. मुदत सरण्याआधीच आठवणपत्र द्यावं.

निवृत्तीनंतर शिक्षा

नियम २६ सांगतो की पुढची चांगली वर्तणूक ही प्रत्येक पेन्शनची गृहीत अट आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा ठरावीक काळासाठी रोखता येते. नियम २७ सेवेतल्या गैरवर्तनासाठी आहे. त्यात पेन्शन रोखण्याबरोबर शासनाचं झालेलं नुकसानही वसूल करता येतं. पेन्शन रोखायची नाही, फक्त वसुली करायची असं ठरलं, तर ती दरमहा पेन्शनच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त दराने होत नाही. पेन्शनचा काही भाग कापायचा असेल, तर उरलेली रक्कम शासनाने ठरवलेल्या किमान पेन्शनखाली आणता येत नाही. लोकसेवा आयोगाच्या कक्षेतल्या पदांसाठी आयोगाचा सल्ला लागतो.

चार वर्षांची मर्यादाही नियम २७ मध्येच आहे. कारवाई नोकरीत असताना सुरू झाली नसेल, तर ती सुरू होताना चार वर्षांपेक्षा जुनी झालेल्या घटनेवरून पेन्शनला हात लावता येत नाही. फौजदारी कारवाईची सुरुवात धरतात ती दंडाधिकारी ज्याची दखल घेतो त्या पोलीस अहवालाच्या किंवा तक्रारीच्या तारखेपासून. पण या मर्यादेने खटला थांबत नाही, फक्त पेन्शन वाचते. घाईत वकीलही कधीकधी हे दोन मिसळतात.

कारणे दाखवा नोटीस आली तर ‘मी निर्दोष आहे’ एवढंच लिहून पाठवू नका. दोष कोर्टात ठरला आहे, तो वाद इथे पुन्हा चालत नाही. इथला प्रश्न किती कापायचं आणि किती काळ, एवढाच. म्हणून सेवेची एकूण वर्षं, आधीच भरलेली रक्कम आणि तिच्या चलनाच्या प्रती, आजारपणाचे कागद आणि घरात कमावतं कोण आहे ते लिहा. निकालपत्राची प्रमाणित प्रत, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि अपील केलं असेल तर त्याचा क्रमांक जोडा.

अपील आणि स्थगिती

इथे फसगत होते. वरच्या कोर्टाने जामीन देऊन शिक्षेला स्थगिती दिली, म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती मिळाली असं नव्हे. पेन्शनची कारवाई दोषसिद्धीवर उभी असते. तिला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणात ती क्वचित मिळते. विशेष न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. निर्दोष सुटलात, तर निकालाची प्रमाणित प्रत जोडून आदेश मागे घेण्याचा आणि थकबाकीचा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे करायचा.

पेन्शनच्या आदेशाविरुद्ध मात्र राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) गाठावं लागतं, आणि कोल्हापूरकरांसाठी ते मुंबईला आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रीचा प्रवास काही सुटलेला नाही. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे, ती निवेदनं देत बसण्यात घालवू नका. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांचे शिस्तीचे नियम १९६४ चे वेगळे आहेत. एसटीवाल्यांना तर यातलं काहीच लागू नाही.

भविष्य निर्वाह निधीत साठलेली स्वतःची रक्कम या आदेशांनी जप्त होत नाही, ती वेगळ्या अर्जाने मागा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्या आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेत असलेल्यांचे पैसे त्यांच्या खात्यात असतात. त्यांनी वरचे नियम आपल्याला तसेच्या तसे लागतात असं समजू नये.