लेप्रोमिन चाचणी

कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीर कितपत विरोध करू शकते, हे मेलेल्या जंतूंचे द्रव्य (लेप्रोमिन) टोचल्यावर त्वचेवर उठणाऱ्या गाठीच्या मापावरून जोखण्याची चाचणी. जपानचे केनसुके मित्सुदा यांनी ती १९१९ मध्ये मांडली. रोग आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. पूर्ण निरोगी माणसातही ती सकारात्मक येते, बीसीजी लस टोचलेल्यांमध्ये तर अधिकच. आणि ही लस आपल्याकडे जन्मतःच देतात.

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात वाढत नाही. त्यामुळे पूर्वी रुग्णांच्याच गाठींमधले जंतू उष्णतेने मारून लेप्रोमिन बनवत. पुढे आर्मडिलो या प्राण्यात जंतू वाढवता येऊ लागले. भारतात डॉ. धर्मेंद्र यांनी जंतूंमधला स्निग्धांश काढून वेगळे प्रतिजन (शरीराची प्रतिक्रिया जागवणारे द्रव्य) तयार केले.

कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, हाताच्या आतल्या बाजूस, ०.१ मिलि. लेप्रोमिन त्वचेच्या थरातच टोचतात. सुई खोल गेली की माप फसते. पहिले वाचन ४८ तासांनी होते, त्याला फर्नांडेझ प्रतिक्रिया म्हणतात. १० मिमी किंवा त्याहून मोठा लाल, घट्ट फुगवटा सकारात्मक धरतात. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून घट्टपणाची कड शोधावी लागते. बॉलपेन बाहेरून आत हलकेच सरकवत आणले की कडेशी ते अडते. दोन्ही बाजूंच्या खुणांमधले अंतर पारदर्शक पट्टीने मोजतात. खरे महत्त्वाचे वाचन मात्र तीन ते चार आठवड्यांनी, मित्सुदा प्रतिक्रियेचे. तेव्हा ३ मिमीपासून पुढची गाठ सकारात्मक ठरते. ती १० मिमीहून मोठी असेल किंवा तिथे व्रण झाला असेल, तर प्रतिसाद तीव्र.

शरीराच्या प्रतिकारानुसार कुष्ठरोगाचे प्रकार पाडणाऱ्या रिडले-जॉपलिंग वर्गीकरणात (१९६६) या मापाला जागा मिळाली. प्रतिकार चांगला असलेल्या क्षयाभ (ट्युबरक्युलॉइड) प्रकारात गाठ ठळक उठते, सीमावर्ती क्षयाभात बेताची, आणि जंतूंनी शरीर भरलेल्या लेप्रोमॅटस टोकाला बहुधा काहीच उठत नाही. म्हणजे ज्याच्या अंगात जंतू सर्वांत जास्त, त्याचाच हात कोरा! चाचणीचा निदानासाठी उपयोग का नाही, हे इथेच कळते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हातावर टोचून फुगवटा मोजणे म्हटले की लोकांना क्षयाची मँटू चाचणी आठवते. लेप्रोमिन चाचणी मात्र आरोग्य केंद्रात करत नाहीत. चट्ट्याला स्पर्श कळतो का, नस जाड झाली आहे का, गरज पडल्यास त्वचेच्या चिरेतल्या द्रवात जंतू दिसतात का, यावर कुष्ठरोगाचे निदान होते. एक ते पाच चट्टे असले, नस फार तर एकच बाधित असली आणि जंतू सापडले नाहीत, तर सहा महिने, एरवी बारा महिने बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. कुष्ठरोगाचा कार्यक्रम राष्ट्रीय असल्याने कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडेही हाच नियम आहे. शिवाय लेप्रोमिन चाचणीत महिन्याभराने दुसऱ्या वाचनाला रुग्ण हजर असावा लागतो; चिकोडी-अथणीच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात एका गावाहून दुसऱ्या गावी हलणाऱ्या टोळीतल्या माणसाच्या बाबतीत ते जमणे कठीणच. आता ही चाचणी मुख्यतः संशोधनापुरती उरली आहे. भारतात कुष्ठरोगावरील लसींच्या अभ्यासात लस दिल्यावर कोरा हात गाठ दाखवू लागतो का, हे तिनेच पाहिले गेले.