ओळख परेड

गुन्ह्याच्या वेळी पाहिलेल्या अनोळखी इसमाला साक्षीदाराने नंतर इतर माणसांच्या रांगेतून निवडून दाखवण्याची तपासपद्धती. फौजदारी कायदा आणि स्मृतीचे मानसशास्त्र या दोन्हींचा तिच्याशी संबंध येतो. आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर कोल्हापुरात ती कळंबा मध्यवर्ती कारागृहात किंवा बिंदू चौक उपकारागृहात घेतली जाते.

पद्धतीचा उगम सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडमध्ये मानला जातो. लंडन पोलिसांचा १८६० च्या सुमाराचा आदेश हा तिच्या जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक होय. त्याआधी संशयिताला एकट्यालाच साक्षीदारापुढे उभे करत. काही लेखक आरंभ अॅडॉल्फ बेक प्रकरणापाशी धरतात. बेकला अनेक स्त्रियांनी फसवणारा म्हणून ओळखले. १८९६ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि १९०४ मध्ये खरा गुन्हेगार सापडला. पण बेकलाही रांगेतच उभे केले होते आणि त्या रांगेत पिकल्या केसांचा व मिशांचा तो एकटाच होता, असे सांगितले जाते. तेव्हा या प्रकरणातून परेड जन्मली असे म्हणण्यापेक्षा तिच्या नियमांची निकड पुढे आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपील न्यायालय स्थापन होण्यामागेही हे प्रकरण होते.

साक्षीदार खोटे बोलत नसतानाही चुकतो, हा मानसशास्त्राचा मुख्य निष्कर्ष. कोयता किंवा पिस्तूल समोर असले की नजर हत्याराकडे जाते आणि चेहरा कमी टिपला जातो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नजरेच्या हालचाली मोजून हे दाखवले. एका ठिकाणी पाहिलेला चेहरा दुसऱ्या प्रसंगात बसवला जाण्याचा दोषही नोंदला गेला आहे. कोल्हापूरसारख्या पेठांच्या शहरात तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर रोज दिसणारा माणूस ‘चेहऱ्याने ओळखतो, नाव माहीत नाही’ या सदरात मोडतो.

मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये घटनेतले घटक (अंतर, उजेड, भीती) आणि तपासयंत्रणेच्या हातातले घटक असा भेद केला. रांगेतल्यांपैकी गुन्हेगाराशी त्यातल्या त्यात मिळताजुळता कोण, हे पाहून साक्षीदार निवड करतो, असे त्यांनी १९८४ मध्ये मांडले. त्यावर उपाय म्हणून रॉड लिंडसे व वेल्स यांनी १९८५ मध्ये एकेक चेहरा क्रमाने दाखवून पाहिला. चुकीच्या ओळखी घटल्या. मात्र बरोबर ओळखीही काही प्रमाणात घटतात, म्हणजे या रीतीने साक्षीदाराची पारख सुधारत नाही, तो केवळ हात आखडता घेतो, असा आक्षेप २०१२ नंतरच्या विश्लेषणांनी घेतला. वाद मिटलेला नाही. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्याने येथे मुंबईचीच रीत चालते. पोलिसांच्या देखरेखीखालील परेडमधली विधाने पुराव्यात घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये मुंबईच्याच एका दरोड्याच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने, दोन पंचांसमक्ष परेड घेतात. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयिताबरोबर किमान सहा, दोघांबरोबर दहा-बारा डमी इसम (गुन्ह्याशी संबंध नसलेले, केवळ रांगेसाठी उभे केलेले) असावेत. वय, उंची, ठेवण सारखी असावी. कोल्हापुरात याची एक खास अडचण संभवते: संशयित पैलवान असेल तर आखाड्यात चुरगळलेले त्याचे कान. तसे डमी मिळाले नाहीत, तर सर्वांचेच कान झाकणे हा साधा मार्ग. आरोपीला जागा व कपडे बदलण्याची मुभा असते, पण ती देणाऱ्या दंडाधिकाऱ्याला आरोपी कोण हे ठाऊक असतेच. ‘ठाऊक नसावे’ ही अट येथे पाळली जात नाही.

कायद्याने परेडचा निकाल केवळ दुजोरा ठरतो, मूळ पुरावा साक्षीदाराने न्यायालयात केलेली ओळख (सर्वोच्च न्यायालय: मातृ खटला, १९७१; मलखानसिंग खटला, २००३). मानसशास्त्राचा क्रम नेमका उलटा आहे. पहिल्या, निर्दोष चाचणीतली ओळख आणि त्या क्षणी व्यक्त केलेली खात्री यांना सर्वाधिक वजन. काही वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस दाखवणे ही जवळजवळ ‘हाच तो’ अशी सूचनाच. जॉन विक्स्टेड व वेल्स यांचे २०१७ चे विवेचन याच दिशेचे आहे. परेडपूर्वी फोटो वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला असेल, तर परेडचेही मोल उरत नाही; आरोपीला चेहरा झाकून नेतात ते यासाठीच.

ओळखीची प्रासंगिकता पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ७ लागू आहे. अटकेतील व्यक्तीची ओळख पटवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये असून, ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असल्यास प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. इतर साक्षीदारांबाबत तशी सक्ती या कलमात नाही. जिल्ह्यातील अशा खटल्यांची अपिले १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात.