जॉन कॉन्डन : थडग्यावरच्या वयामागचा इतिहास

बेल्जियममधील ईप्र शहराजवळ पोलकापेल येथे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांचे मोठे दफनस्थान आहे. तेथे सुमारे 7,500 जणांना पुरलेले असून त्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांची ओळख आजतागायत पटलेली नाही. तरीही तेथे येणाऱ्यांचे पाय वळतात ते नाव असलेल्या एका थडग्याकडे. रॉयल आयरिश रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील प्रायव्हेट जॉन कॉन्डन, क्रमांक 6322, मृत्यू 24 मे 1915, वय 14, अशी त्याची नोंद आहे. महायुद्धात मारला गेलेला दोस्त राष्ट्रांचा (ब्रिटन आणि त्याच्या मित्रदेशांचा) सर्वांत लहान सैनिक ही त्याची ख्याती या एका आकड्यावर उभी आहे.

कॉन्डन आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉटरफर्ड या बंदराच्या शहरातला. जॉन आणि मेरी कॉन्डन या कष्टकरी दांपत्याचा तो मुलगा. त्या काळी वॉटरफर्डच्या गरीब वस्त्यांतील तरुणांना राखीव दलाचे आकर्षण वाटे, कारण काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि पुढे दरवर्षीचे शिबिर एवढ्यावर हातात रोख पैसे पडत. जवळच्या क्लॉनमेल गावी रॉयल आयरिश रेजिमेंटचा तळ होता. भरती करताना जन्मदाखला मागण्याची पद्धत नव्हती. उंची आणि छाती मापात बसली की उमेदवार सांगेल ते वय लिहिले जाई. कॉन्डन 1913 मध्ये या मार्गाने भरती झाला, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या आधी. वॉटरफर्डचे खासदार आणि आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी आयरिश तरुणांना आघाडीवर जाण्याचे आवाहन केले ते सप्टेंबर 1914 मध्ये, त्यामुळे त्याच्या भरतीचा संबंध त्या आवाहनाशी जोडता येत नाही.

ईप्रच्या परिसरात जर्मन सैन्याने 22 एप्रिल 1915 रोजी क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला केला. 24 मेच्या पहाटे त्याच भागात पुन्हा वायू सोडण्यात आला. माउस ट्रॅप फार्म नावाच्या उद्ध्वस्त शेतवाडीभोवतीच्या खंदकांतील आयरिश तुकड्यांची त्या दिवशी वाताहत झाली आणि कॉन्डन बेपत्ता झाला. प्रचलित हकिगतीप्रमाणे, तो परदेशी आघाडीवर आहे हे घरच्यांना लष्कराचा निरोप आल्यावरच कळले आणि त्याचे वय चौदा असल्याचेही त्यांनीच कळवले.

युद्ध संपल्यावर रणभूमीवरचे विखुरलेले देह गोळा करून पुन्हा पुरण्यात आले, तेव्हा एका देहासोबत बुटाच्या चामड्याचा तुकडा मिळाला. त्यावर 6322 हा क्रमांक, चौथ्या बटालियनचा आकडा आणि ‘आर. आय. आर.’ ही अक्षरे होती. त्यावरून तो देह कॉन्डनचा ठरवला गेला. बेल्जियन अभ्यासक ओरेल सेर्कू यांनी पुढे यावर गंभीर आक्षेप घेतला. ती अक्षरे रॉयल आयरिश रायफल्स या वेगळ्या रेजिमेंटलाही लागू पडतात, कॉन्डन चौथ्या बटालियनमध्ये कधी नव्हता आणि देह सापडला ते ठिकाण माउस ट्रॅप फार्मपासून दूर, बेलवार्डच्या बाजूला होते. रायफल्समध्ये 6322 याच क्रमांकाचा पॅट्रिक फिट्झसिमन्स हा सैनिक होता आणि तो जून 1915 मध्ये बेलवार्डच्या लढाईत मारला गेला. हे खरे मानले, तर कॉन्डनच्या नावाखाली दुसराच आयरिश सैनिक पुरलेला आहे आणि कॉन्डनचा देह मिळालेलाच नाही.

वयाचा पुरावा तर अधिकच बोलका आहे. आयर्लंडमध्ये 1864 पासून सर्व जन्मांची सरकारी नोंद होत आली आहे आणि तिच्यात या जॉन कॉन्डनचा जन्म ऑक्टोबर 1896 मधला आहे. म्हणजे मृत्यूसमयी तो अठरा वर्षांचा होता. बारा वर्षांच्या पोराने भरती अधिकाऱ्यापुढे अठरा वर्षांचा म्हणून खपून जावे, ही गोष्ट तशीही पचायला जड होती. मात्र सैनिकाला परदेशी आघाडीवर पाठवण्याची किमान वयोमर्यादा एकोणीस होती. तेव्हा जन्मनोंद ग्राह्य धरली तरी ईप्रच्या खंदकात तो नियमबाह्यच होता, आणि ही बाब चौदाच्या आकड्याभोवतीच्या चर्चेत सहसा हरवून जाते.

पुढे आयर्लंडच्या राजकारणाने असल्या सैनिकांच्या आठवणी बाजूला सारल्या. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावानंतर आणि स्वातंत्र्यलढ्यानंतर ब्रिटिश गणवेशात मेलेला मुलगा हा अभिमानाने सांगण्याचा विषय राहिला नाही. वॉटरफर्ड याला काहीसे अपवाद होते; डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत बहुतांश देश शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाकडे झुकला असताना या शहराने रेडमंड यांच्या मुलालाच निवडून दिले. तरीसुद्धा तेथे कॉन्डनचे स्मारक व्हायला 2014 साल उजाडावे लागले, आणि तोवर त्याच्या वयाविषयीचे आक्षेप जगजाहीर झालेले होते. पोलकापेलच्या शिळेवरील मजकूर मात्र बदललेला नाही. तिच्यावर नाव कॉन्डनचे आणि वय चौदा असेच आहे.